बोलावणं आल्यावर: लॉजच्या दारापासून तिसऱ्या पदवीपर्यंत

गेली एकोणीस वर्षं मी फ्रीमेसन आहे, म्हणजे पाथरवटांच्या हत्यारांना प्रतीक मानून नीट वागायला शिकवणाऱ्या एका बंधुसंघाचा सभासद. या संघाच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. त्यातली सहा वर्षं माझ्याकडे डीकनचं काम होतं, आधी ज्युनियर, मग सीनियर. डीकन म्हणजे नव्या उमेदवाराचा हात धरून त्याला लॉजमध्ये फिरवणारा. पहिल्या संध्याकाळी उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते. तेवढा वेळ त्याच्यापाशी माझा पंजा आणि माझा आवाज, एवढंच असतं. कुणाचा तळहात घामाने भिजलेला असतो, कुणाचा बर्फासारखा गार. एक शल्यविशारद आले होते. रोज दुसऱ्यांच्या शरीरावर सुरी चालवणारा तो हात माझ्या हातात थरथरत होता, आणि तो थरथरला याचा मला आनंद झाला. माणूस मनापासून आलाय, हे त्यावरून कळतं.

तीन प्रतीकात्मक पदव्या, म्हणजे दीक्षेच्या तीन पायऱ्या, नीट कशा घ्याव्यात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे. खुणा, शब्द आणि हस्तांदोलनाच्या पद्धती यांबद्दल इथे काही मिळणार नाही. ते न सांगण्याचं वचन मी दिलेलं आहे.

आधी बोलावण्याचं बघू. जुना दंडक असा, की सभासदाने कुणाच्या मागे लागायचं नाही. ओळखीच्या, पारखलेल्या माणसाला ‘तुला यात रस वाटतो का?’ असं एकदा विचारायला बऱ्याच ठिकाणी हरकत नसते. काही ठिकाणी तेवढंही चालत नाही, तोंड इच्छुकानेच उघडायचं असतं. दोन्हीकडे पुढचं पाऊल मात्र तुमचंच. म्हणून कुणी विचारलं तर त्याच रात्री ‘हो’ म्हणू नका. महिनाभर थांबा. विचारणाऱ्या माणसाकडे नीट बघा: पैशांच्या व्यवहारात तो कसा आहे, घरच्यांशी कसा बोलतो, अडचणीत असलेल्याकडे जातो की टाळतो. लॉज कसं आहे, हे जाणून घ्यायला त्याच्या सभासदांसारखा दुसरा मार्ग नाही.

अनोळखी नंबरावरून ‘इलुमिनाटीत सामील व्हा, संपत्ती मिळवा’ असे निरोप येतात, आणि शिकलेली माणसंही त्यात पैसे घालवून बसतात. इलुमिनाटी हा जर्मनीतल्या बव्हेरियातला गुप्त संघ. तो अ‍ॅडम वाइसहाउप्टने १ मे १७७६ रोजी इंगोलश्टाट इथे काढला, आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या सरकारच्या बंदीहुकमांनी तो मोडला. फ्रीमेसनरीशी त्या निरोपांचा काडीचाही संबंध नाही. खऱ्या लॉजला पत्ता असतो, त्याच्या वर एक ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजांची शिखर संस्था, असतं, आणि ग्रँड लॉजने दिलेली सनद त्याच्याकडे असते. ‘सनद कुणाची आहे?’ असं सरळ विचारा. मग ग्रँड लॉजच्या कार्यालयात चौकशी करा. याचा राग येणारा माणूस तुमचा प्रस्तावक, म्हणजे लॉजपुढे तुमचं नाव मांडणारा, व्हायच्या लायकीचा नाही.

स्त्री वाचकांसाठी एक गोष्ट. जुन्या परंपरेतली बहुतेक लॉजं फक्त पुरुषांची आहेत. पण ‘ल द्र्वा उमँ’ हा स्त्री-पुरुष दोघांना सामावणारा संघ १८९३ मध्ये पॅरिसमध्ये उभा राहिला, आणि फक्त स्त्रियांचे संघही आहेत. पदव्या तिथेही याच तीन.

अर्ज केल्यावर दोन-तीन सभासद तुम्हाला भेटायला येतील, बहुधा घरीच. चार प्रश्न हमखास येतात. स्वतःच्या मर्जीने येताय का? घरी माहीत आहे का? वर्गणी आणि इतर खर्च घरच्यांच्या तोंडचं न काढता झेपेल का? आणि, परमेश्वरावर, एखाद्या परमतत्त्वावर श्रद्धा आहे का? कोणता धर्म, हे विचारत नाहीत. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायलाच मनाई आहे. पण या चौथ्या प्रश्नावरून मोठी फाटाफूट झालेली आहे. फ्रान्सच्या ग्राँद ओरियाँ या मेसन संघाने १८७७ मध्ये ही अट घटनेतून काढली, तेव्हा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यांच्याशी संबंध तोडले, ते आजतागायत. तेव्हा श्रद्धा नसेल तर ‘हो’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. पुढे धर्मग्रंथावर हात ठेवून जी शपथ घ्यायची, ती शपथच पोकळ होईल. श्रद्धेची अट नसलेल्या संघाकडे जा, ते जास्त प्रामाणिकपणाचं.

घरच्यांना काय सांगायचं, याची उगाच धास्ती असते. कुठे जाता, कुणाबरोबर असता, किती वाजता परत याल, पैसे किती लागतात, हे सगळं सांगायचं. झाकायचं असतं ते फक्त एकमेकांना ओळखण्याच्या पद्धती. माझ्या बायकोने एकदा विचारलं, ‘तिथे तुम्ही काय करता?’ मी म्हटलं, ‘पाठांतर, आणि एकमेकांची विचारपूस.’ ते शब्दशः खरं आहे.

मग मतदान. पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या, आणि हात आत गेला की दिसेनासा होईल अशी पेटी. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे तीन काळ्या गोळ्या पडल्या तर उमेदवार नाकारला जातो, आणि एखादं लॉज आपल्या पोटनियमात एकच काळी गोळीही पुरेशी ठरवू शकतं. गोळी कुणाची, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. तुम्हाला नकार आला तर तुमच्या प्रस्तावकाला त्यावरून छळू नका.

निवड झाल्याचं पत्र आलं की एक मोह आवरायचा, आणि तो खरोखर आवरायचा: विधी आधी वाचायचा नाही. वाचायला मिळतो. सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने १७३० मध्येच लंडनमध्ये तिन्ही पदव्यांची प्रश्नोत्तरं छापून विकली होती. तेव्हा गुपित म्हणून फारसं काही उरलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण डोळ्यांवर पट्टी असताना ‘आता डावीकडे वळवतील, आता थांबवतील’ असा हिशेब डोक्यात चालू असला की त्या संध्याकाळी तुमच्याशी काहीच घडत नाही. वाचून आलेल्या उमेदवाराचा हात मला लगेच कळायचा. तो माझ्या आधी वळायचा.

त्या संध्याकाळी थोडंसंच खाऊन जा. गडद रंगाचे, साधे कपडे घाला. अंगठी, घड्याळ, नाणी, साखळी घरीच ठेवा, कारण अंगावर धातू ठेवून आत जाता येत नाही. बोटात रुतून बसलेली अंगठी ऐन वेळी साबण लावून काढताना माणूस कावराबावरा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दाराबाहेर टायलर असतो, उपसलेली तलवार घेऊन पहारा करणारा. तो बहुधा लॉजमधला जुना, जाणता सभासद असतो. त्याच्याशी दोन शब्द बोला, छातीतली धडधड कमी होते.

आत गेल्यावर डीकनचा हात मानायचा. पायाने चाचपडू नका. डीकन थांबला की थांबा, तो वळवेल तिकडे वळा, पाऊल नेहमीसारखं टाका. उत्तरं तो कानात सांगेल, तेवढीच आणि तशीच म्हणा. घाईघाईने पुरी करू नका. शपथेतले शब्द तोंडातून जात असताना त्यांचा अर्थ कानावर पडला पाहिजे. ती शपथ तुम्ही घेताय, डीकन नव्हे. युरोपातल्या काही परंपरांमध्ये उमेदवाराला आधी एका काळ्या खोलीत एकटं बसवतात. मेणबत्ती, कवटी, वाळूचं घड्याळ, मीठ, गंधक, आणि मृत्युपत्रासारखं काही लिहायला कागद. इंग्लिश पद्धतीत ही खोली नाही. तुमच्या लॉजमध्ये असेल तर तिथे घाई करू नका, कागदावर जे खरं आहे ते लिहा.

पहिली पदवी एन्टर्ड अप्रेंटिसची, म्हणजे नोंद झालेल्या शिकाऊ पाथरवटाची. कोकराच्या कातड्याचा कोरा पांढरा एप्रन मिळतो. पट्टी सुटल्यानंतर तुम्हाला ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. मोठ्या इमारतीची कोनशिला त्या कोपऱ्यात बसवायची, ही त्यामागची जुनी रीत. तिथे तुमच्याकडे एक गोष्ट मागितली जाते. ती काय, हे सांगत नाही. पण त्या क्षणी मनात जे येईल ते घरी जाऊन वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीतलं ते अर्धं पान आजही वाचलं की घसा दाटतो.

या पदवीची तीन हत्यारं: चोवीस इंची गज, हातोडी आणि छिन्नी. गजाचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, प्रार्थनेत, कष्टात, विसाव्यात आणि अडलेल्याच्या मदतीत वाटायचे. हे ऐकायला छान वाटतं आणि विसरायला सोपं आहे, म्हणून एक करा. आडवी रेघ ओढा, तिचे चोवीस भाग पाडा, आणि आठ दिवस रोज रात्री प्रत्येक भागात त्या तासाचं खरं काय झालं ते लिहा. मी ते केलं तेव्हा अडलेल्यासाठी असलेला भाग सलग आठ दिवस रिकामा निघाला. नवव्या दिवशी, तीन वर्षं ज्याला भेटायचं राहून गेलं होतं त्या आजारी मित्राकडे गेलो. पदवी खऱ्या अर्थाने मला त्या दिवशी मिळाली, असं मी धरतो.

लॉजमध्ये एका बाजूला अनघड धोंडा ठेवलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला घडीव चिरा. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपल्या ओठांवर असते, आणि नवे सभासद ती लगेच इथे लावतात. थोडा फरक आहे. इथे मूर्ती घडवायची नाही. चिऱ्याच्या सहाही बाजू सरळ व्हायच्या त्या शेजारच्या चिऱ्याशी सांधा बसावा म्हणून. एकट्या चिऱ्याला कितीही झिलई असली तरी भिंत होत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या पदवीच्या मधला काळ हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे दोन पदव्यांमध्ये किमान चार आठवडे हवेत. ही किमान मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. जॉर्ज वॉशिंग्टनला व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये पहिली पदवी ४ नोव्हेंबर १७५२ला मिळाली, दुसरी ३ मार्च १७५३ला, तिसरी ४ ऑगस्टला. नऊ महिने. एका लॉजमध्ये मी एका हुशार, उत्साही तरुणाला लागोपाठच्या तीन बैठकांत तिन्ही पदव्या दिलेल्या पाहिल्या, कारण वर्षाअखेर सभासदांचा आकडा वाढवायचा होता. चौथ्या बैठकीला तो आला नाही, त्यानंतरही कधी नाही. हात मीच धरला होता. थांबा म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं नाही, ही बोच अजून आहे. तुम्हाला घाई करायला लावली तर तुम्ही म्हणा: ‘मला अजून थोडा वेळ द्या.’ त्यात कमीपणा काहीच नाही.

या काळात निदान तीन बैठकांना जाऊन गप्प बसा. जमलं तर दुसऱ्या कुणाचा प्रवेशविधी बघा. आपल्या वेळी पट्टी होती, आता उघड्या डोळ्यांनी कळतं की आपल्याभोवती किती माणसं श्वास रोखून उभी होती.

पुढच्या पदवीआधी ठरावीक प्रश्नांची उत्तरं भर लॉजमध्ये पाठ म्हणावी लागतात. पाठांतराची माझी रीत चालण्याची आहे. रोज एकच प्रश्न. सकाळी फिरायला निघताना तो आणि त्याचं उत्तर मोठ्याने म्हणायचं, आणि परत येईपर्यंत दर शंभर पावलांना एकदा. दुसऱ्या दिवशी कालचा आधी, मग आजचा. वाक्याचा अर्थ लागला नाही तर पुढे जायचं नाही, प्रस्तावकाला गाठायचं. भाषा जुनी असते, शब्द अडखळवतात, पण ‘साधारण असं काहीतरी’ म्हणून चालत नाही. आठवड्यातून एकदा कुणालातरी समोर बसवून म्हणून दाखवा, तोही दीक्षा घेतलेलाच हवा. भर सभेत अडलात तर खाली मान घालू नका, डीकनकडे बघा. त्याला शब्द माहीत असतो.

दुसरी पदवी, फेलो क्राफ्ट, लोक उरकून टाकतात. नाट्य कमी आहे म्हणून. मला ती तिन्हींत जवळची. तिची हत्यारं आपल्या गवंड्याच्या पिशवीतलीच: गुण्या, पाणसळ, ओळंबा. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात, पाणसळ म्हणजे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे मनाचा सरळपणा. बायबलमधल्या शलमोन राजाच्या मंदिराचे दोन खांब, बोअज आणि याखीन, आणि एक नागमोडी जिना हा या पदवीचा देखावा. शिवाय सात विद्या: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. त्यातली एक निवडा आणि वर्षभर तिच्या मागे लागा. मी भूमिती घेतली. शाळेनंतर पंचवीस वर्षांनी हातात घेतलेली पहिली गोष्ट म्हणजे सुतळी. तिच्यावर सारख्या अंतराने खुणा करून बारा भाग पाडले, टोकं जोडली, आणि तीन भाग, चार भाग, पाच भाग अशा तीन बाजू ताणून जमिनीवर खुंट्या ठोकल्या. पाच भागांच्या बाजूसमोर काटकोन उभा राहिला. त्यात गुण्या ठेवून पाहिला, फट नव्हती. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं, म्हणजे पायथागोरसचं, प्रमेय इंग्लिश परंपरेत माजी मास्टरच्या (लॉजच्या माजी प्रमुखाच्या) पदकावर का कोरलेलं असतं, ते मला त्या सुतळीने समजावलं.

एप्रनवर आता खालच्या दोन कोपऱ्यांत दोन निळी फुलं येतात. तिसऱ्या पदवीत तिसरं फूल आणि निळा काठ.

तिसऱ्या पदवीबद्दल, मास्टर मेसनबद्दल, कमी बोलेन. मंदिराचा कारागीर हिराम अबीफ, ज्याने जीव दिला पण विश्वासाने सोपवलेलं उघड केलं नाही, त्याची कथा तिच्या मध्यभागी आहे. एवढं जगजाहीर आहे. विषय मरण. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं आहे, त्यांनी लॉजच्या मास्टरला आधी सांगावं. हवं तर काही महिने पुढे ढकलतात, आणि ढकलावं. त्या रात्री गाडी स्वतः चालवू नका. दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा. आणि जेवणाच्या टेबलावर कुणी ‘आता पुढे काय घेणार?’ असं विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही.

कारण तो प्रश्न येतोच. तेहतीस पदव्या आहेत, मग तुम्ही तिसऱ्याच पायरीवर, असा समज बाहेर आहे आणि थोडा आतही. १८१३ मध्ये इंग्लंडमधली दोन भांडणारी ग्रँड लॉजं एक झाली तेव्हा त्यांनी करारातच लिहून ठेवलं, की शुद्ध प्राचीन फ्रीमेसनरीत तीनच पदव्या आहेत, होली रॉयल आर्च हा आणखी एक विधी त्यांतच धरून. स्कॉटिश राइटच्या तेहतीस पदव्यांची पहिली सर्वोच्च परिषद १८०१ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनला स्थापन झाली. स्कॉटिश राइट ही वेगळी शाखा आहे. मास्टर मेसनच्या वर नव्हे, बाजूला. आणि खरी बोलावण्याची गोष्ट इथे सुरू होते: तेहतिसावी पदवी मागता येत नाही, ती दिली जाते. रॉयल ऑर्डर ऑफ स्कॉटलंड या मेसन संघातही निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही.

असं निमंत्रण यावं म्हणून काय करावं? सूचक बोलू नका, पदाधिकाऱ्यांच्या मागेपुढे करू नका. लॉजमध्ये काम मागा. जेवण वाढायचं, खुर्च्या लावायच्या, दिवंगत सभासदाच्या घरी महिन्याने पुन्हा जाऊन यायचं. एखादं लांबलचक भाषण पाठ करून नव्या शिकाऊसाठी म्हणा. बघणारे बघत असतात. आणि निमंत्रण आलं तर तीन गोष्टी विचारा. शपथेत कोणती श्रद्धा गृहीत धरली आहे? इंग्लिश परंपरेतल्या नाइट्स टेम्प्लरसारख्या काही संघांत ख्रिस्ती श्रद्धा लागते, आणि ती नसताना तिथे गुडघा टेकणं हा त्या श्रद्धेचाही अपमान आहे. वर्षाच्या किती संध्याकाळी जातील? आणि मूळ लॉजमधलं माझं काम कोण करेल? माझ्याकडे असं एक निमंत्रण आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. मी नाही म्हटलं. ते पुन्हा आलं नाही, आणि निर्णय बरोबर होता.

ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र आलं की ते लॉजमध्येच, सर्वांसमोर, समासात सही करून स्वीकारायचं असतं. पुढे दुसऱ्या लॉजला भेट द्यायला जाल तेव्हा हे प्रमाणपत्र, चालू वर्षाच्या वर्गणीची पावती आणि एप्रन बरोबर न्या. आपल्या सेक्रेटरीकडून आधी खात्री करून घ्या की त्या लॉजची ग्रँड लॉज आपल्याला मान्य आहे. तिथे कुणी ओळखीचं नसेल तर बाहेरच्या खोलीत तुमची परीक्षा घेतील, तुमची सहीही ताडून बघतील. त्यात वाईट वाटून घेऊ नका. अर्धा तास लवकर पोचा, म्हणजे त्यांना सावकाश विचारता येतं.